अर्काला लागलेल्या मुंग्या

१

"भाऊजी, माझ्या औषधात कोणीतरी काहीतरी घालतंय."

सकाळचे नऊ वाजले होते. वहिनींनी चपलाही काढल्या नव्हत्या. कापडी पिशवीतून त्यांनी तपकिरी काचेची बाटली काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकल्या, जणू आत साप होता.

बाटली मी लगेच ओळखली. तिच्यावरची कागदी पट्टी मीच चिकटवली होती आणि आतला भूछत्राचा अर्क मी आणि माझ्या मित्राने, वहिनींच्या नवऱ्याने, मिळून केला होता. मित्र गेला त्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही ती काठोकाठ भरली होती. त्याला आता चौदा महिने झाले. त्याच्या हातची ती शेवटची बाटली.

"झालं काय?"

"मुंग्या. कपाट उघडलं तर भिंतीवरून रांग, थेट बुचापर्यंत! तीस वर्षं हा अर्क माझ्या घरात आहे भाऊजी, मुंगी कधी फिरकली नाही. कडूजहर वस्तू ती. तिला मुंग्या कशाला लागतील?"

मी चाळीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर लिहायचे आणि मी खलायचो, गाळायचो, भरायचो. त्यांचं अक्षर फक्त मला लागायचं, खुद्द त्यांनाही दुसऱ्या दिवशी मलाच विचारावं लागे. बाटलीवर कातरलेली पट्टी चिकटवायची आणि पेशंटला सांगायचं, दर वेळी एक खूण. आता पट्टी नाही, कंपाउंडरही नाही. पण हात विसरत नाहीत. मी बाटलीच्या गळ्यावरून बोट फिरवलं.

बोट चिकटलं.

बूच उघडून एक थेंब जिभेवर घेतला. कडू होता, वासही अल्कोहोलचा होता. वरवर पाहता सगळं जागच्या जागी. मग सवयीने माझी नजर पट्टीकडे गेली आणि मी खुर्चीत नीट बसलो.

"वहिनी, रोज किती घेता?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच. सकाळी एक ड्रॉपर, संध्याकाळी एक. एक दिवस चुकवला नाही."

पट्टीवर दहा खुणा होत्या. एक खूण पंचवीस दिवसांची, हा हिशेब मीच घातला होता. म्हणजे बाटली आठ महिन्यांत संपायला हवी होती. चौदा महिन्यांनंतर तीत अजून तीन खुणा शिल्लक होत्या.

"तुमच्या कधी लक्षात नाही आलं, ही संपत कशी नाही?"

वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. "मी मोजलंच नाही," त्या म्हणाल्या. "मोजायला लागलं की संपतं."

२

मित्राला आम्ही भूछत्रे म्हणायचो. नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं आणि तो ते सुधारायच्या भानगडीत पडत नसे. पोस्टात टपाल छाननीला होता. वर्षातून एकदा, हवेत ओल असे तेव्हा, तो रजा टाकायचा आणि आम्ही दोघं लहान करवत घेऊन रानात जायचो. मेलेल्या झाडांच्या बुंध्यांवर एक भूछत्र उगवतं. लालतपकिरी, वर वार्निश मारल्यासारखं चकचकीत, लाकडासारखं टणक. चाकूला दाद देत नाही, करवतच लागते. ओलं असतानाच पातळ काप करायचे, कारण वाळलं की त्याचं सरपण होतं.

वाळलेले काप बरणीत भरायचे आणि वरून कडक अल्कोहोल ओतायचं. सहा आठवडे ती बरणी रोज हलवायची. हे काम वहिनींचं. जाता-येता बरणी उचलून त्या दोनदा हिसडायच्या, की पुढच्या कामाला. मग गाळायचं, उरलेला चोथा पाण्यात घालून एक तृतीयांश उरेपर्यंत मंद आचेवर उकळायचा आणि गार झाल्यावर दोन्ही अर्क एकत्र करायचे. त्या दिवशी घरभर ओल्या लाकडाचा, जुन्या कपाटाचा वास पसरे. लेबल भूछत्रे पेन्सिलीनेच लिही, कारण थेंब सांडला तर शाई पसरते. याने माणसाला नक्की काय होतं ते आम्ही छातीठोकपणे कधीच सांगू शकलो नाही. "झोप बरी लागते," एवढंच तो म्हणे. त्याला एरवीही झोप उत्तमच लागायची.

वहिनींना चहा देऊन मी कपाटातून माझी बाटली काढली. बोटभर उंचीची, चार वर्षांपूर्वीच्या अर्काची. मग काचेचे दोन ग्लास घेतले, दोन्हींत पाणी.

"बघा," मी म्हणालो आणि माझ्या बाटलीतले चार थेंब पहिल्या ग्लासात सोडले. पाणी हळूहळू धुरकट झालं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. "भूछत्रातली राळ अल्कोहोलात विरघळते, पाण्यात नाही. म्हणून हे असं गढुळतं. आता तुमचं."

त्यांच्या बाटलीतले चार थेंब तपकिरी धागे सोडत तळाशी गेले. मी चमच्याने ढवळलं. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं झालं आणि आरपार स्वच्छ राहिलं.

वहिनींनी कप बाजूला सारला. "म्हणजे यात त्यांचं काहीच नाही?"

"थेंबभरही नाही."

"मग मी रोज पितेय काय?"

३

घराच्या किल्ल्या वहिनींखेरीज तिघांकडे होत्या. मुलाकडे एक, सुनेकडे एक आणि पुढच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बुकबाइंडरकडे एक. वहिनींनी ते कपाट परवाच पुसलं होतं, तेव्हा एकही मुंगी नव्हती. म्हणजे बाटलीच्या गळ्यावर जे सांडलं ते गेल्या दोन दिवसांतलं.

मुलाला मी फोन लावला. तो पुलांच्या बांधकामावर असतो, सात आठवड्यांपासून घराबाहेर. मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"काका, ती बाटली अजून आहे?" तो म्हणाला. "मी आईला किती वेळा सांगितलं, ते टाक आणि आमच्याकडे राहायला ये. ऐकते का?"

"तू कधी हात लावलास तिला?"

"बाबांचं कपाट आहे ते. मी अजून एकदाही उघडलेलं नाही. त्यांचा चष्मा असेल ना आत."

मी विषय बदलला. सात आठवडे लांब असलेला माणूस परवा बाटली भरू शकत नाही, आणि त्या आवाजानंतर मला आणखी काही विचारायचंही नव्हतं.

मग बाइंडर. वहिनींचा संशय त्याच्यावरच होता. "त्याला प्यायची आवड आहे," त्या म्हणाल्या होत्या. "पिऊन टाकत असेल आणि रंगीत पाणी भरून ठेवत असेल."

बाइंडर पुस्तकांच्या ढिगाऱ्यात मांडी घालून सुतळी ओवत होता. सगळे त्याला गोंदमास्तर म्हणतात. हात मिळवायला गेलं की का ते कळतं.

"अर्क?" त्याने सुई खाली ठेवली. "खोटं कशाला बोलू? एकदा घेतला होता. साहेब होते तेव्हा. ते म्हणाले घ्या, मीही घोटभर घेतला. तीन दिवस तोंड असं कडू होतं की जिलेटिनचा गोंद गोड लागायचा! पुन्हा त्या कपाटाच्या वाऱ्याला उभा राहिलो नाही. विषाची परीक्षा कोण घेईल?"

"बाई हल्ली कोणकोणती औषधं घेतात, माहीत आहे तुम्हाला?"

"मला काय माहीत? मी भाडं देतो आणि कुंड्यांना पाणी घालतो."

परत येताना मी विचार करत होतो. चोरून पिणारा माणूस जेवढं प्यायचं तेवढं पाणी ओतून मोकळा होतो. तो रंग जुळवत बसत नाही, कडवटपणा तर नाहीच नाही. इथे कोणीतरी नकली अर्क खपून बनवला होता. शिवाय बाटली भरलेलीही ठेवली नव्हती, हळूहळू उतरू दिली होती. मात्र पूर्ण संपूही दिली नव्हती.

राहिली सून. ती बेकरीत केक बनवते. या अर्काला ती तोंडावर "म्हाताऱ्यांची दारू" म्हणायची. तिच्या मनात काही असतं तर एवढं उघड बोलली असती का? आणि एकदा ती माझ्याकडे काहीतरी विचारायलाही आली होती. काय ते आठवेना. मी काहीतरी विनोद केला होता आणि ती न हसता निघून गेली होती, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

तरी विष कोणी घालत असेल तर वहिनींची तब्येत ते सांगेल, असं म्हणून मी त्यांची दवाखान्याची फाइल मागवली.

फाइल वाचली आणि माझा सगळा तर्क उलटा झाला.

४

भूछत्रे गेल्यानंतर तीन महिन्यांनी वहिनींच्या छातीचे ठोके चुकायला लागले होते. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, आणि रक्ताची तपासणी, आधी दर आठवड्याला, पुढे दर महिन्याला. पहिल्या दीड महिन्यातले आकडे वेडेवाकडे होते. नाकातून रक्त आल्याची नोंद होती, दंडावर काळेनिळे डाग पडल्याचीही. डॉक्टरांनी दोनदा गोळी बदलली, तरी मेळ बसेना.

मग एका ठरावीक महिन्यापासून आकडे सरळ. तेव्हापासून आजपर्यंत, साडेनऊ महिने, एका रेषेत.

"त्या महिन्यात काही बदललं का वहिनी? खाणंपिणं? गोळी?"

"काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, आता शरीराला सवय झाली."

शरीराला सवय झाली नव्हती. रक्त पातळ करणारी एक गोष्ट बंद झाली होती. दवाखान्यात असताना मी अशा जोड्या पाहिल्या होत्या. दोन औषधं वेगवेगळी घेतली तर गरीब असतात, एकत्र आली की एकमेकांना चेव आणतात. गोळी आणि आमचा अर्क एकत्र घेऊन वहिनी रोज थोड्या थोड्या रक्तस्रावाच्या दिशेने चालल्या होत्या. आणि कोणीतरी साडेनऊ महिन्यांपूर्वी बाटलीतला अर्क काढून घेतला होता.

म्हणजे बाटलीत कोणी विष घातलं नव्हतं. बाटलीतलं विष काढलं होतं.

असं करणाऱ्याला गोळीची माहिती हवी. बाइंडरला ती नव्हती. त्याला कपाटापर्यंत वरचेवर जाता यायला हवं, आणि परवा ते काल यादरम्यान त्या घरात येऊन गेलेलं हवं. काल वहिनींना रक्ततपासणीला घेऊन कोण गेलं होतं, ते फाइलवरच लिहिलं होतं. आणि कडू, तपकिरी, किंचित चिकट असं पेय हाताच्या अंदाजाने कोणाला जमेल? मी बाटलीच्या गळ्यावरून पुन्हा बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. अल्कोहोल उडून गेलं होतं. मागे जळक्या साखरेचा वास होता.

तेवढ्यात मला तो विनोद आठवला. नुसता विनोद नाही, तिचा प्रश्नही आठवला. मी फाइल मिटली आणि बेकरीकडे निघालो.

५

बेकरीच्या मागच्या खोलीत सून लोण्याचा केक थरांत कापत होती. मला पाहून तिने सुरी पुसून बाजूला ठेवली.

"कळलं वाटतं," ती म्हणाली.

"साखर जाळून रंग आणलास. कडवटपणा कशाने?"

"संत्र्याच्या सालीच्या आतलं पांढरं. आणि कॉफी, अगदी कडक. टिकावं म्हणून थोडं अल्कोहोल. दर पंधरा दिवसांनी नवीन करते." तिने एप्रनला हात पुसले. "काल घाईत सांडलं. आई बाहेर चपला घालत होत्या. मुंग्या लागल्या?"

मी मान डोलावली. आम्हा दोघांना थोडं हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"मी तुमच्याकडे आले होते काका."

"आठवलं. आजच."

"मी विचारलं होतं, बाबांचा अर्क आणि ती गोळी एकत्र चालते का? आदल्या दिवशी आईंच्या नाकातून अर्धा तास रक्त येत होतं. तुम्ही काय म्हणालात?"

तिनेच सांगितलं. "म्हणालात, 'तीस वर्षं बनवतोय आम्ही. यापेक्षा तुझ्या केकने जास्त माणसं जातील.'"

चाळीस वर्षं मी औषधं जुळवली. कोणतं कशाबरोबर द्यायचं नाही, याबाबत लोक माझ्या भरवशावर निर्धास्त असायचे. पण त्या दिवशी मी कंपाउंडर नव्हतो. मित्राची शेवटची बाटली कोणीतरी बंद करायला निघालं आहे, एवढंच मला दिसलं होतं.

"त्यांना का नाही सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं. म्हणाल्या, मरेन पण हे सोडणार नाही." तिने केकचा वरचा थर उचलून खालच्यावर नीट बसवला. "डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी आईंनाच विचारलं असतं, आणि आईंनी घेते म्हणून कबूलच केलं नसतं. काय करणार होते मी?"

"आणि तो अर्क? ओतून दिलास?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मी विचारलं याचीच मला लाज वाटली. स्टुलावर चढून मैद्याच्या डब्यांमागून तिने एक बाटली काढली. निम्म्याहून थोडी कमी भरलेली, बूच मेणाने बंद केलेलं.

"बाबांच्या हातचं आहे ते," ती म्हणाली. "काका, आईंना सांगू नका. मला बोलतील त्याचं काही नाही. पण साडेनऊ महिने आपण त्यांच्या हातचं घेतच नव्हतो, हे कळलं तर कोसळतील."

६

मी सांगितलं. न सांगून भागणार नव्हतं. संशय बाइंडरवर होता, आणि उद्या वहिनींनी दुसरीकडून भूछत्र आणून स्वतःच अर्क घातला असता तर?

त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं बसलो. मी सुरुवात माझ्यापासून केली. तिने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तिथपासून. शेवटी सुनेने मेणबंद बाटली टेबलावर ठेवली.

वहिनींनी ती उचलली. लेबल नव्हतं, पण उजेडात धरून हलवल्यावर त्यांना रंग कळला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"साडेनऊ महिने मला फसवलंस."

"हो."

"मी सांगितलं होतं ना, मरेन पण सोडणार नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय आई," सुनेचा आवाज चढला, "मरू देऊ?"

बाहेर बाइंडर कुंड्यांना पाणी घालत होता, त्याचा आवाज आत येत होता. वहिनींनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "संपू का नाही दिलीस? आठ महिन्यांत संपली असती तर तुझीही कटकट गेली असती."

सुनेने टेबलावरचा अदृश्य चुरा बोटाने गोळा केला. "दर वेळी ठरवायचे, आता कमी भरायचं. तुम्ही संध्याकाळी कपाट उघडताना बघितलं की हात थांबायचा."

वहिनी तिला काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या मला, आणि ते मला जन्मभर पुरेल. "भाऊजी, तुम्हाला दवाखान्यात लोक देवासारखं मानायचे. माझ्या पोरीला तुम्ही दारातून परत पाठवलंत."

सुनेला त्या सूनबाई म्हणायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून 'माझी पोर' ऐकलं. मला वाटतं, सुनेनेही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, अर्क घ्यायचा नाही असं स्पष्ट सांगितलं आणि संत्र्याच्या सालीचं प्रमाण फार रस घेऊन विचारलं. मेणबंद बाटली वहिनींनी कपाटात ठेवली, आणि घ्यायचं बंद केलं. बाइंडरला त्यांनी कारण न सांगता एक केक पाठवला. तो कशासाठी, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही.

७

काही महिन्यांनी, हवेत ओल आली तेव्हा वहिनींचा फोन आला. "मला ती जागा बघायचीय."

"कोणती?"

"जिथे तुम्ही दोघं दर वर्षी जायचात. तीस वर्षं मी बरण्या हलवल्या. ती वस्तू झाडावर कशी दिसते, मी पाहिलेलीच नाही."

रविवारी आम्ही तिघं निघालो. सुनेने डबा घेतला होता, मी करवत. बस रानाच्या कडेला सोडते आणि तिथून पायवाट आहे. वीस मिनिटांत ओढ्याजवळचा तो बुंधा आला. त्याच्या अंगावर चार भूछत्रं होती, एकावर एक, पायऱ्यांसारखी. सर्वांत वरचं नवं होतं, कडेला अजून पांढरं.

वहिनी वाकल्या. बोटाने त्याचा चकचकीत माथा चाचपला, खालची मऊ बाजू चाचपली.

"एवढंच?"

"एवढंच."

"घरापासून इथे यायला लागला पाऊण तास." त्या सरळ उभ्या राहिल्या. "कापायला किती लागतो?"

"अर्धा तास. फार तर."

"जायला-यायला दीड तास आणि कापायला अर्धा. तुम्ही दोघं सकाळी सहाला निघायचात आणि दिवेलागणीला परत यायचात. दमून! मी पाय शेकायला गरम पाणी द्यायचे. दिवसभर करत काय होतात?"

सुनेने तोंडावर हात धरला. मी करवतीच्या पात्याकडे बघायला लागलो. इतकी वर्षं हे गुपित आम्ही दोघांनी जिवापाड जपलं होतं. पण ज्याने शपथ घातली तोच आता नव्हता.

"त्या खडकावर बसायचो," मी म्हणालो. "पाय ओढ्यात सोडून."

"आणि?"

"आणि तो गायचा."

"कोण? हे?" वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "घरात कधी शीळ घातली नाही त्यांनी."

"लाज वाटायची त्याला. आवाज म्हणजे फाटका भोंगा. पण इथे कोणी नसायचं. एकामागून एक गाणी, दिवसभर. शब्द विसरला की स्वतःचे घालायचा. त्यात तुमचं नाव असायचं."

वहिनी खडकापर्यंत चालत गेल्या. चपला काढल्या, सुनेचा हात धरून बसल्या आणि पाय पाण्यात सोडले. सुनेलाही त्यांनी शेजारी बसवलं. ओढ्याचं पाणी गार असणार, कारण दोघींनी एकदमच श्वास आत ओढला.

"कसं गायचे?" त्यांनी विचारलं.

"वहिनी, माझा आवाज त्याच्याहून वाईट आहे."

"असू दे. इथे कोणी नाही."

मी करवत गवतात ठेवली, घसा साफ केला आणि त्याच्यासारखाच, अगदी वरच्या पट्टीत, चुकीच्या सुरात सुरू केलं.